अकराशे चव्वेचाळीस

यीजनने नाव टाईप केलं, शोधाच्या बटणावर टिचकी मारली आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

काचेच्या खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या म्हातारीने तेवढ्यात डोळे मिटून घेतले होते. पिशवीचे बंद तिने दोन्ही हातांनी धरले होते आणि ओठ किंचित हलत होते. पडद्यावर पांढरं चक्र गरगरत राहिलं. दहा सेकंद, वीस, चाळीस. मागे कोणीतरी खाकरलं. बावन्नाव्या सेकंदाला एक ओळ उमटली.

चान घरची मुलगी. वडील चान श्वेइ-थ्येन. मृत्यू प्रजासत्ताकाचं अठ्ठेचाळीसावं साल, म्हणजे एकोणीसशे एकोणसाठ, आठवा महिना. मूळ जागा डोंगरावरची दफनभूमी. तळमजला, पश्चिम दालन.

"किती आल्या?" म्हातारीने डोळे न उघडताच विचारलं.

"एक, आजी."

"एकच ना? नीट बघ."

"एकच आहे."

म्हातारीने डोळे उघडले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. अस्थिमनोऱ्याच्या खिडकीवर लोक हरवलेलं माणूस सापडलं की निःश्वास टाकतात; या आजींना दुसरं न सापडल्याचा आनंद झाला होता. यीजनला हे जरा विचित्र वाटलं.

"मला हे कागदावर हवंय," आजी म्हणाल्या. "साहेबांच्या शिक्क्यासकट."

"साहेब तीनला येतील."

"माझी बस चारची आहे. साडेतीनला येते मी." आणि त्या अंगणातल्या पिंपळाखालच्या बाकावर जाऊन बसल्या.

यीजन त्या दिवशी तैचुंगहून आली होती, ती याच बावन्न सेकंदांसाठी. छिंगमिंगला, म्हणजे पितरांना नैवेद्य दाखवायच्या सणाला, दहा दिवस उरले होते. गेल्या वर्षी त्या दिवशी रांग पार गाड्यांच्या तळापर्यंत गेली, आणि आईचं दालन कळेपर्यंत एका गृहस्थाने नैवेद्याला आणलेला मासा उन्हात आंबून गेला. त्याने तो मासा तालुका कचेरीच्या टेबलावर नेऊन ठेवला. तेव्हापासून विभागप्रमुख त्सेंगसाहेब तैचुंगच्या कंपनीला दर आठवड्याला फोन करत होते. कंपनीने शेवटी यीजनला पाठवलं. त्रेचाळीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला फटकळ. इतरांनी रचलेल्या जुन्या संगणक-यंत्रणा का रखडतात ते शोधणं हेच तिचं काम होतं, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून तिचा स्वभावही तसाच झाला आहे, असं तिची मुलगी म्हणायची.

"त्या दरवर्षी येतात," रखवालदार ल्याओकाका चहा ओतताना म्हणाले. सत्तरीला टेकलेले काका बारा वर्षं मनोऱ्याच्या किल्ल्या सांभाळत होते. "चान आजी. जन्म इथलाच, पण सगळं आयुष्य काओश्युंगला कारखान्यात गेलं. नवरा गेला तेव्हा परत आल्या. पहिल्यांदा आल्या त्याच वर्षी हे यंत्र बसलं होतं."

"आणि एकच सापडली म्हणून खूश होतात?"

"जुळ्या बहिणी होत्या त्यांच्या. अ-कीम आणि अ-गीन. पाच वर्षांच्या. महापुरात दोघी वाहून गेल्या." काकांनी पेला तिच्यापुढे सरकवला. "आता तू म्हणशील, मग दोघी इथे हव्यात. पण त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं, एकच गेली. दुसरीला खाली कुठल्यातरी गावात लोकांनी बाहेर काढलं आणि ठेवून घेतलं. सून म्हणून वाढवायला. तेव्हा असं सर्रास चालायचं."

"आणि आईने जाऊन आणलं नाही?"

"घरात खाणारी आठ तोंडं. आई म्हणाली, ती तिकडे पोटभर जेवतेय, शोधू नकोस. पुरलं कोणाला, किती जणींना, कोणी बघितलंच नाही. लेकराच्या अंत्ययात्रेला आईबापांनी जायचं नसतं. चुलत्याने उरकलं. घरच्या देव्हाऱ्यात लग्न न झालेल्या मुलीच्या नावाची पाटी बसत नाही, म्हणजे तिथेही नाव नाही. नंतर रस्त्यासाठी डोंगरावरच्या कबरी हलवल्या, हाडं इथे आली. राहिली ही तुझी यादी. ती म्हणते एक. म्हणजे आई खरं बोलली."

"शिक्का कशाला हवाय त्यांना?"

काकांनी आवाज खाली आणला. "पूलीला एक बाई सापडल्यात. सत्तरीच्या. पुरातून काढलेल्या, पाळलेल्या. खरे आईबाप माहीत नाहीत. एका देवळातल्या फलकावरून ओळख झाली. येत्या रविवारी दोघी भेटणारेत. आजींना तो कागद त्यांच्यापुढे ठेवायचाय."

चहा तसाच ठेवून यीजन यंत्राकडे वळली.

डेटाबेसला काम सांगता येतं, तसं 'हे काम तू कसं करणार आहेस' असंही विचारता येतं. तो पायरीपायरीने उत्तर देतो, आणि ते उत्तर वाचायची सवय असली की दुखणं कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं. यीजनने विचारलं आणि वाचायला लागली.

मृतांच्या चार याद्या होत्या. जुना मनोरा, नवा मनोरा, डोंगरावरून हलवलेले, आणि गावच्या देवळाने ठेवून घेतलेले. अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी या चारांना जोडून त्यांची एक एकत्र यादी रचली होती. धंद्यातले लोक अशा यादीला व्ह्यू म्हणतात. ती खरी कुठे नसतेच. कोणी विचारलं की तेवढ्यापुरती उभी राहते आणि उत्तर देऊन विरून जाते. इथे एक नाव विचारलं की आधी चारही याद्यांतली सगळी एक्केचाळीस हजार नावं बाहेर काढली जात, एका तात्पुरत्या जागेत ओतली जात, एकमेकांशी ताडून पाहिली जात. आणि एवढा खटाटोप झाल्यावर त्यांत विचारलेलं नाव शोधलं जाई. एका माणसाला हाक मारायची म्हणून अख्ख्या गावाला उठवून अंगणात उभं करावं, असा तो प्रकार होता.

तिने काकांना तसंच सांगितलं.

"दर वेळी? सगळ्यांना?"

"दर वेळी."

"तरीच," काका म्हणाले. "तरीच छिंगमिंगच्या आठवड्यात मला खालच्या दालनात एकटं जायला नको वाटतं. मला वाटायचं वय झालं."

ते थट्टेत बोलले होते, पण हसले मात्र नाहीत.

उपाय सोपा होता. नावाची अट शेवटी न लावता आधीच चारही याद्यांच्या आत नेऊन ठेवायची, म्हणजे प्रत्येक यादी आपल्यातलं तेवढंच नाव काढून देईल. बारा वाजायच्या आत यीजनने ते केलं. बावन्न सेकंदांचा पाव सेकंद झाला. जेवणाचा डबा यायला अजून अवकाश होता. इतर कोणी असतं तर तिथेच हात झटकून उठलं असतं.

तिला मात्र ते ताडून पाहणं खुपत होतं. याद्या जोडायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत चारही याद्या नुसत्या एकाखाली एक लागतात. दुसरीत जोडून झाल्यावर सगळं पुन्हा तपासलं जातं आणि हुबेहूब सारख्या दोन ओळी दिसल्या तर एकच ठेवली जाते. आधीच्या माणसाने दुसरी तऱ्हा वापरली होती. त्याचंही चूक नव्हतं. जुन्या मनोऱ्यातून नव्यात गेलेले काही लोक दोन्हीकडे लिहिलेले होते. पण नेमक्या किती ओळी गळतात, हे कोणी कधी मोजलं होतं का?

तिने मोजलं. सदतीस.

मूळ याद्यांमध्ये प्रत्येक कलशाचा नंबर होता. एकत्र यादीत तो नव्हता. तिने सदतीस ओळी नंबरासकट काढल्या. चौतीस ठिकाणी दोन्ही नंबर एकच होते, म्हणजे एकच कलश दोनदा लिहिलेला. उरलेल्या तीन ठिकाणी नंबर वेगळे होते. त्या तिन्हींतल्या पहिल्या जोडीवर तिची नजर थांबली आणि तिथेच खिळून राहिली.

चान घरची मुलगी, अकराशे त्रेचाळीस. चान घरची मुलगी, अकराशे चव्वेचाळीस.

"काका," ती म्हणाली, "कलशाचा नंबर पडद्यावर का दिसत नाही?"

"यंत्र बसलं तेव्हा पहिले काही दिवस दिसायचा. लोक भांडायला लागले. चार म्हणजे मरणाच्या उच्चाराचा आकडा, तो कोणाला हवाय? 'आमच्या बाबांना चव्वेचाळीस? दुसरा द्या.' एकाने तर इथे बसकण मारली. शेवटी साहेबांनी नंबरच काढून टाकायला लावला. माणूस सांगायचा, दालन सांगायचं, नंबर माझ्या वहीत." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. "काय झालं?"

नंबर काढल्यावर दोन्ही ओळींत काही फरकच उरला नव्हता. दोन्ही मुलींचं स्वतःचं नाव लिहिलेलं नव्हतं. वडील एक, महिना एक, दालन एक. यंत्राने दोघींना ताडून पाहिलं आणि अकरा वर्षं दर वेळी एकीला परत पाठवलं.

पश्चिम दालनाच्या दाराशी काकांनी खिशातून कौल लावायचे लाकडाचे दोन अर्धचंद्र काढले आणि जमिनीवर टाकले. एक उताणा पडला, एक पालथा. होकार होता. दोघं आत गेले.

दालनात दिवसाही दिवा लावावा लागे. फळ्यांवर मातीचे कलश दोन-दोन रांगांत, एकामागे एक ठेवले होते. आजी यायच्या तेव्हा काका पुढचा कलश दाखवायचे, मागच्याला हात लावायचं कारण नव्हतं. आता त्यांनी अकराशे त्रेचाळीस दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. मागच्या अंधारात तेवढाच, तसाच दुसरा कलश होता. झाकणावर लाल शाईने नंबर लिहिला होता. यीजनने बोट फिरवलं, तर बोटाला धुळीबरोबर उदबत्तीची राख लागली.

"हिच्यासाठी कोणी लावली नव्हती," काका म्हणाले. "पण पोचलेली दिसते."

यीजनला त्या मुलीची दया आली. दयेपेक्षा जास्त लाज वाटली. एका वीतभर अंतरावर ती इतकी वर्षं बसून होती, बहिणीच्या पाठीमागे, आणि बाहेर तिच्याच घरचं माणूस तिच्या नसण्यावर देवाचे आभार मानत होतं.

"नको सांगू," काका म्हणाले. "ऐक माझं. त्र्याहत्तर वर्षांची बाई. रविवार चार दिवसांवर आलाय."

"उद्या दुसऱ्या कोणी काढलं तर? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबतं का?"

"उजाडू दे की. सोमवारी उजाडू दे."

ताडणं तसंच ठेवलं तरी वेग पाव सेकंदच राहणार होता. यंत्राची काही सक्ती नव्हती. एकच ओळ आली असती, शिक्का बसला असता, आणि पूलीला दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या असत्या. कोणाचं काय बिघडणार होतं? यीजन हा प्रश्न स्वतःला विचारत राहिली आणि दर वेळी तिची नजर त्या मागच्या कलशाकडे गेली.

"यांनाच विचारू," काका म्हणाले, आणि त्यांनी अर्धचंद्र पुन्हा टाकले. दोन्ही उताणे पडले. ते ना होकार ना नकार. विचारणाऱ्याला हसतात तेव्हा तसे पडतात. काकांनी पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही उताणे. त्या बंद दालनात लाकडाचा आवाज जरा जास्तच वेळ घुमला. पाच वर्षांच्या मुलींना कशाचं हसू येईल, हा विचार यीजनच्या मनात आला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. काकांनी तिसऱ्यांदा टाकले नाहीत. अर्धचंद्र घाईने उचलून त्यांनी खिशात घातले.

त्सेंगसाहेब तीनला आले. पाव सेकंद बघून त्यांनी टेबलावर थाप मारली. मग यीजनने त्यांच्यापुढे सदतीस ओळी ठेवल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"यीजनबाई, मी वेग वाढवायला सांगितला होता. मेलेले वाढवायला नाही."

"वाढवले नाहीत. होतेच."

"पण तक्रार कोणी केलीय का?"

"कोण करणार, साहेब?"

साहेबांनी ओठ चावला. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. "हे बघा. कागदावर जे येईल त्यावर मी शिक्का मारतो. काय यावं ते यंत्राने ठरवायचं."

"यंत्र मी सांगेन तेच ठरवतं."

"मग तुम्ही ठरवा," ते म्हणाले, आणि शिक्का तिच्या टेबलावर ठेवून फोन आल्यासारखं दाखवून बाहेर गेले.

साडेतीनला चान आजी खिडकीशी आल्या. त्यांनी केस ओले करून विंचरले होते. "झालं का गं यंत्र बरं?"

"झालं."

"मग मला पुन्हा एकदा दाखव. कागद घेण्याआधी."

यीजनची बोटं कळांवर होती. दोन्ही तऱ्हा तिने तयार करून ठेवल्या होत्या. कोणती चालवायची, एवढाच प्रश्न होता. काका दाराशी उभे होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. तिने चौतीस जणांचे दोनदा लिहिलेले नंबर दुपारीच नीट करून घेतले होते. आता तिने ताडणं काढून टाकलं आणि नाव टाईप केलं.

आजी सवयीने डोळे मिटायला गेल्या. पापण्या खाली यायच्या आत उत्तर आलं होतं.

"हे दोनदा का आलं?" त्यांनी विचारलं.

"दोनदा नाही आलं, आजी. दोन आहेत."

आजी काचेजवळ वाकल्या. पहिली ओळ त्यांनी बोटाने अक्षर अक्षर वाचली, मग दुसरी. पुन्हा पहिली. यीजन उठून खिडकीबाहेर आली आणि त्यांच्या बाजूला उभी राहिली. आधीची यादी चुकत होती, का चुकत होती, कोणामुळे, हे तिने थोडक्यात सांगितलं आणि माफी मागितली. आजींनी त्यातलं किती ऐकलं कोण जाणे.

"ही आज आली?"

"पहिल्यापासून इथेच होती."

"दाखव," त्या म्हणाल्या.

दालनात काकांनी दोन्ही कलश शेजारी शेजारी ठेवले होते. आजी खाली जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी आपला उजवा हात उघडला आणि त्याच्याकडे बघत बोलायला लागल्या.

"दोघी माझ्याकडे होत्या. या हातात अ-कीम, त्या हातात अ-गीन. मी आठ वर्षांची. अ-कीमला पाण्याने ओढून नेलं, तिचं मी काही करू शकत नव्हते. अ-गीनला मी सोडलं. फांदी धरायला हात लागत होता. आईला मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, सोडलंस तीच वाचली बघ. सोडलंस म्हणून वाचली." त्या थांबल्या. "मी तिला मोठी करत होते. माझं लग्न झालं तेव्हा तिचंही केलं मी मनात. माझे गुडघे दुखायला लागले, तर म्हटलं तिचेही दुखत असतील. आणि ही अजून पाचच वर्षांची."

यीजनचे डोळे भरून आले. तिने पुसले नाहीत. सांगायला नको होतं, असं तिला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं. आणि न सांगता आपण इथून गेलो असतो तर हे दालन आपल्या मागे लागलं असतं, हेही तितकंच स्पष्ट वाटलं.

आजींनी काकांकडून उदबत्त्या घेतल्या. आधी मागच्या कलशापुढे लावल्या, मग पुढच्या. कोणती अ-कीम आणि कोणती अ-गीन, हे त्यांनी विचारलं नाही. सांगणारंही कोणी नव्हतं.

चारला पाच मिनिटं असताना तिघं अंगणात आले. शिक्का मारलेला, दोन ओळींचा कागद आजींनी वाचून पिशवीत घातला. बस वळणावर दिसायला लागली होती.

"आजी," यीजनने विचारलं, "रविवारचं काय करणार?"

"जाणार."

"त्यांना हे सांगणार?"

आजींनी बसला हात केला. "आधी जेवू दोघी. तिने वाटाण्याचा भात करते म्हणून सांगितलंय." बस थांबली, तशी त्यांनी पायरीच्या दांडीला धरलं आणि मागे वळून पाहिलं. "पूलीच्या तिचाही हात कोणीतरी सोडलाच असेल ना गं. ती सोडणारी बया आता कुठे असेल, तिला कोण सांगणार, की ही वाचली म्हणून?"

काकांनी त्यांना कोपराला धरून वर चढवलं, आणि बस गावाच्या रस्त्याला लागली.